बादलच्या डोळ्यांसाठी मदत हवी आहे

नमस्कार नाशिककर,

गंगापूर रोड परिसरातल्या आम्हा प्राणिमित्रांकडे सध्या बादल नावाचा हस्की जातीचा कुत्रा आहे. कोणीतरी त्याला सोमेश्वरच्या बाजूला सोडून गेलं होतं. आणला तेव्हा दोन्ही डोळे लालभडक, पाणी गळत होतं आणि उन्हात डोळे उघडवत नव्हते. पुढे काळंभोर नाक कडेने गुलाबी होत गेलं, ओठ आणि पापण्याही पांढुरक्या पडल्या. कातडीचा तुकडा तपासून डॉक्टरांनी युव्हिओडर्मॅटॉलॉजिक सिंड्रोमचं निदान केलं.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते. या पेशी कातडीत असतात तशा डोळ्याच्या आतही असतात. नाकाचा रंग गेला तर कुत्र्याचं फारसं अडत नाही. डोळ्यात मात्र आतून सूज येते, काचबिंदू होतो, पडदा सुटतो आणि कायमचं आंधळेपण येतं. हस्की, अकिता, सॅमोयेड या जातींत हा आजार जास्त दिसतो. आजार संसर्गजन्य नाही, त्यामुळे मुलांना बादलपासून लांब ओढायची गरज नाही. त्याला माणसं हवी असतात.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू करण्याआधी गोचीडतापाची तपासणीही करून घेतली, कारण त्यानेही डोळे असेच सुजतात. आता स्टेरॉइडच्या गोळ्या, अझाथायोप्रिन आणि दिवसातून अनेकदा डोळ्यांत थेंब असा उपचार चालू आहे. औषधं मध्येच बंद केली की आजार उलटतो, आणि ती बहुधा जन्मभर द्यावी लागतात. अझाथायोप्रिनमुळे यकृत आणि रक्तपेशींवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून ठरावीक अंतराने रक्ततपासणी आलीच. खर्चाचा खरा भार तिथेच आहे.

एका रक्ततपासणीचे पैसे किंवा थेंबांची एक बाटली, एवढं जरी कोणी उचललं तरी मोठी मदत होईल. पैसे आमच्याकडे न देता थेट दवाखान्यात बादलच्या नावावर भरा. प्रत्येक बिल आमच्या सूचना फलकावर लावलेलं असतं. डोळ्यांच्या तपासणीसाठी त्याला मुंबईला, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं आहे. कोणाची गाडी रिकामी जात असेल तर कळवा. तळमजल्यावर सावलीची, थंड फरशीची खोली देऊन वेळच्या वेळी थेंब घालणारं घर मिळालं तर फारच बरं.

आणि घरच्या कुत्र्याचा डोळा लाल दिसला तर घरातले थेंब घालू नका. बुबुळावर जखम असेल तर स्टेरॉइडने ती चिघळते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.