नकार कुठल्या फेरीत आला, ते आधी पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फायनान्सची पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींना धीर देणारे पुष्कळ भेटतात. ‘खचू नका, प्रयत्न सोडू नका’ हा सल्ला चांगलाच आहे, पण नकाराचा मेल आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नेमके काय करायचे, ते त्यातून कळत नाही. चाळीस नकार आले की मुले ती सगळी मोळी एकत्र बांधून डोक्यावर घेतात आणि ‘मला काहीच येत नाही’ असे ठरवून टाकतात. खरे तर नकार कोणत्या फेरीत आला यावर त्याचे कारण बदलते, आणि उपायही.

त्यासाठी एक साधी एक्सेल शीट पुरते. पद, अर्जाची तारीख, अर्ज थेट केला की ओळखीतून, कोणत्या फेरीपर्यंत मजल गेली, कुठे अडले. तीस-चाळीस ओळी भरल्या की गळती कुठे आहे ते दिसू लागते. एकाही अर्जावर फोन आला नसेल, तर दोष बहुधा रेझ्युमेत किंवा पदांच्या निवडीत आहे. रात्र-रात्र जागून व्हॅल्युएशन (कंपनीचे मूल्य काढण्याचे गणित) घोटल्याने तो जाणार नाही. फोन येतात पण तांत्रिक मुलाखतीत गाडी अडते, तर रेझ्युमेला हात लावू नका.

आकड्यांचा हिशोबही एकदा करून पाहावा. एका अर्जातून मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता ५ टक्के धरली, तर २० अर्ज करूनही एकही बोलावणे न येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के उरते. म्हणजे वीस नकार हा काही नालायकीचा पुरावा नव्हे. मात्र तीच शक्यता प्रत्येक अर्जामागे १० टक्क्यांवर नेली, तर तेवढ्याच २० अर्जांत रिकाम्या हाती राहण्याची शक्यता १२ टक्क्यांवर येते. म्हणून संतापाच्या भरात मध्यरात्री तीस अर्ज ठोकण्यापेक्षा पाच अर्ज नीट केलेले बरे. घाईतल्या अर्जांत आधीच्या कंपनीचे नाव तसेच राहून जाते, आणि तो अर्ज तिथेच संपतो.

रेझ्युमे एका पानाचा असावा. दोन रकाने, आलेख, चित्रे टाकली की छाननीचे सॉफ्टवेअर मजकूर उलटसुलट वाचण्याची भीती असते. तपासायचे असेल तर पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे क्रम विस्कटला, तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येही विस्कटण्याचा धोका आहे. ‘एक्सेलचे उत्तम ज्ञान’ या ओळीला कुणी विचारत नाही. ‘एका सूचिबद्ध कंपनीच्या पाच वर्षांच्या ताळेबंदांवरून पुढील तीन वर्षांचा रोकड प्रवाहाचा अंदाज तयार केला’ असे लिहिले की मुलाखत घेणाऱ्याला प्रश्न विचारायला जागा मिळते. क्रेडिट, ट्रेझरी, ऑडिट, इक्विटी रिसर्च (शेअर्सचा अभ्यास) या सगळ्या विभागांना एकच रेझ्युमे पाठवणे ही तर सर्रास चूक. क्रेडिटवाला कर्जफेडीची क्षमता शोधतो, ट्रेझरीवाला रोजच्या रोकडीची समज पाहतो.

ऑनलाइन अंकचाचणीत मुले अडतात ती गणितामुळे कमी, वाचनामुळे जास्त. तक्त्यातले आकडे हजारांत आहेत की लाखांत, हे न पाहता पुढे जातात. दर ४ वरून ५ टक्के झाला तर वाढ एक पर्सेंटेज पॉइंटची (दोन दरांमधला सरळ फरक), पण मूळ दराच्या तुलनेत २५ टक्के. इथे हमखास गोंधळ होतो. घड्याळ लावून सराव करावा, बस.

तांत्रिक मुलाखतीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त सुधारणा इथे शक्य आहे. नेहमीचा प्रश्न घ्या: घसारा (यंत्रे, इमारती झिजण्यापोटी हिशोबात दाखवलेला खर्च) १० ने वाढला तर नफा-तोटा पत्रक, रोकड प्रवाह पत्रक आणि ताळेबंद या तिन्ही पत्रकांत काय होईल? कराचा दर ३० टक्के धरू. करपूर्व नफा १० ने घटतो, कर ३ ने वाचतो, निव्वळ नफा ७ ने कमी होतो. रोकड प्रवाह पत्रकात हे ७ वजा होतात, पण घसाऱ्यापोटी पैसा बाहेर गेलेला नसतो म्हणून १० परत मिळवायचे; रोकड ३ ने वाढते. ताळेबंदात स्थिर मालमत्ता १० ने कमी, रोकड ३ ने जास्त, म्हणजे मालमत्तेची बाजू ७ ने कमी. समोर राखून ठेवलेला नफाही ७ ने कमी. जुळले. बरेच जण हे पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नाला गडबडतात: रोकड का वाढली? ‘घसारा परत मिळवला म्हणून’ हे उत्तर अपुरे आहे. रोकड वाढली ती ३ चा कर वाचला म्हणून. कर नसता तर रोकड बदललीच नसती. मुलाखत घेणारा नेमके हेच चाचपत असतो. म्हणून नकारानंतर तासाभरात, आठवण ताजी असताना, विचारलेले प्रश्न आणि आपण दिलेली उत्तरे लिहून काढावीत. त्या दिवशी त्याहून जास्त चिरफाड करू नये.

शेवटच्या फेरीतला नकार सर्वांत जास्त लागतो, पण तो बहुधा तुलनेचा असतो: जागा एक, लायक उमेदवार तीन. एक-दोन दिवसांत चार ओळींचा मेल पाठवावा. आभार मानून एकच प्रश्न विचारावा, ‘माझ्या तयारीतला कोणता भाग सर्वांत आधी सुधारावा?’ उत्तर येईलच असे नाही. निवडलेला उमेदवार ऐनवेळी रुजू झाला नाही, तर मात्र नीट वागलेल्याची आठवण राहते.

मनाच्या बाजूबद्दल एक उपयोगी संशोधन आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेरा, बुरफाइंड आणि पेनेबेकर यांच्या प्रयोगात नोकरी गेलेल्या व्यावसायिकांनी त्याबद्दलच्या भावना सलग पाच दिवस रोज २० मिनिटे लिहून काढल्या, आणि त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. ते लोक अनुभवी होते, नवपदवीधर नव्हते. तरीही वही-पेन आणि वीस मिनिटे एवढाच खर्च असलेला हा उपाय करून पाहायला हरकत नाही. उदासी, झोप उडणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवडे टिकले, तर डॉक्टरांकडे जावे. तिथे चालढकल नको.

प्रत्येक नकारानंतर नव्या परीक्षेला नाव घालणे हा आणखी एक सापळा. सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या परीक्षेचे तिन्ही टप्पे पार केले तरी चार्टरसाठी, म्हणजे सीएफए ही उपाधी मिळण्यासाठी, किमान ३६ महिन्यांत मिळून ४,००० तासांचा संबंधित अनुभव लागतो. म्हणजे परीक्षा नोकरीची जागा घेत नाही. तांत्रिक फेरीत अडत असाल तर पहिल्या टप्प्याचा अभ्यास कामी येईल. बोलताना अडत असाल, तर मित्रासमोर बसून दोन-दोन मिनिटांची उत्तरे मोठ्याने द्यावीत. आणि रुजू करून घेण्यासाठी कुणी ‘प्रशिक्षण शुल्क’ किंवा ‘अनामत’ मागितली, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा. खचलेल्या माणसालाच फसवणारे आधी गाठतात.

कंपन्यांनाही एक विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत पोचावी. मुलाखत घेतलेल्या प्रत्येकाला होय किंवा नाही कळवा, आणि तो कोणत्या फेरीत बाद झाला तेवढे तरी सांगा. हे होत नाही तोवर उमेदवारांनी दोन आठवड्यांनी एकदा विचारणा करावी, महिनाभर काहीच आले नाही तर शीटमधल्या त्या ओळीसमोर ‘बंद’ लिहावे आणि पुढच्या अर्जाला लागावे.

आपला,
एक नियमित वाचक