होडीचं इंजिन आणि ट्रकचं तेल

मा. संपादक,

१ जूनला मासेमारी बंदी लागली की होड्या ओढून झापांखाली जातात. आउटबोर्ड इंजिन (होडीच्या मागे बाहेरून लावलेलं) गोड्या पाण्याने धुऊन ठेवलं जातं, पण खालच्या गिअरपेटीतलं तेल कोणी बघत नाही. त्यात पाणी असेल तर दोन महिन्यांत बेअरिंग गंजतात.

दुकानात ‘गिअर ऑइल द्या’ म्हटलं की ट्रकचं सुटं तेल हातात पडतं. ट्रकच्या गिअरपेटीला समुद्रात बुडायचं नसतं हो! मरीन तेलात थोडं पाणी शिरलं तरी गिअरच्या दातांवरचा तेलाचा थर टिकावा, गंज धरू नये, अशी रसायनं असतात. जाडीचा ग्रेड (एसएई) बहुधा ९० किंवा ८०डब्ल्यू-९०. जीएल-४ की जीएल-५ (गिअर तेलाच्या दर्जाचे वर्ग), हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेतच पाहावं. इंजिन जुनं म्हणून आणखी जाड तेल घालणं हा निव्वळ हट्ट.

काढलेलं तेल ताकासारखं पांढुरकं निघालं, तर सील (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) गेली. पंख्यामागे तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) गुंडाळला जाऊन ती कापली जाते, हे आमच्याकडे नेहमीचंच. तिथे महागडं तेल काय करणार? नवं तेल खालच्या भोकातून भरावं. वरच्या भोकातून ते बुडबुड्यांशिवाय येऊ लागलं की आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते. वॉशर दोन्ही नवे.

विक्रेत्यांनी मरीन तेलाच्या लहान बाटल्या ठेवाव्यात. आणि काढलेल्या तेलासाठी बंदरावर एखादं पिंप हवं. सध्या ते खाडीत जातं.

– एक होडीमालक, देवबाग (ता. मालवण)