मोटारीवर खर्च, वायरीवर काटकसर

महोदय,

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, विशेषतः भिगवण-कुंभारगाव भागात, लहान होडीला बॅटरीवरची ट्रोलिंग मोटार (पाण्यात पंखा फिरवून होडी ढकलणारी छोटी विजेची मोटार) हा चांगला पर्याय आहे. रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायला आलेल्यांना आवाज न करता जवळ नेता येते आणि जाळे लावताना होडी हळू सरकवता येते. मात्र पैसे मोटारीवर खर्च होतात आणि वायर, फ्यूज, बॅटरी यांत काटकसर होते. मोटार तिथेच मार खाते.

आधी ताकद ठरवा. दर 45 किलोमागे 2 पौंड रेटा, हा रूढ हिशेब. होडी, चार माणसे, जाळी आणि बॅटरी मिळून 600 किलो धरले तर 27 पौंड येतात. पण हा आकडा संथ पाण्याचा. दुपारी वारा सुटल्यावर परत यायचे तर 55 पौंडांची मोटार घ्या. 12 व्होल्टची अशी मोटार पूर्ण वेगाला सुमारे 50 अँपिअर ओढते. पुढचे सगळे या 50 अँपिअरवर ठरते.

बॅटरी पुढे आणि मोटार मागे असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर वायर लागते. 6 चौरस मिमीची तांब्याची वायर टाकली की जवळजवळ एक व्होल्ट वायरीतच जातो, म्हणजे 50 वॅट नुसती उष्णता. होडी मंदावते, सांधे तापतात, इन्सुलेशन मऊ पडते. 16 चौरस मिमीच्या वायरीत हीच घट साधारण 0.35 व्होल्ट राहते. टोकांना लग, म्हणजे बोल्टखाली बसणारे धातूचे टोक, दाबून बसवा. पिळून टेप गुंडाळलेला सांधा ओलाव्याने हिरवा पडतो आणि तापू लागतो. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत 60 अँपिअरचा डीसी ब्रेकर हवाच. घरातला एसीचा ब्रेकर इथे चालत नाही: एसी प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती विझायला तशी संधी मिळत नाही.

100 अँपिअर-तासाच्या लेड बॅटरीतून निम्मेच वापरावे, नाहीतर ती लवकर मरते. पूर्ण वेगाने तासभरही मिळत नाही. वेग निम्मा केला तर प्रवाह निम्म्याहून खूपच खाली येतो, म्हणून हळू चालवणाऱ्याची बॅटरी दिवसभर पुरू शकते. लिथियम फॉस्फेट बॅटरी महाग, पण तेवढ्याच क्षमतेला 12-13 किलो, आणि 80 टक्के बिनधास्त वापरता येते. घेताना तिचा बीएमएस (बॅटरीला जपणारे आतले सर्किट) सलग 100 अँपिअर देतो का, ते विचारा. 50 चा असेल तर वाऱ्यात भर पाण्यात तो सरळ वीज तोडेल. चार्जरही लिथियमचाच हवा.

फायबरच्या पातळ मागच्या फळीवर क्लॅम्प आवळला की ती तडकते. आतून-बाहेरून मरीन प्लायचा तुकडा लावून मोठ्या वॉशरसह स्टीलचे बोल्ट टाका, आणि मोटारीला एक सुरक्षा-दोरी बांधा. पंख्याची वरची कड पाण्याखाली 20 ते 30 सेंटिमीटर राहिली पाहिजे. वर राहिली तर हवा ओढून पंखा नुसता फिरतो आणि मोटार उगाच तापते.

उजनीवर जलपर्णीपेक्षाही वाईट तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा. धागा पंख्यामागे शाफ्टला गुंडाळला जातो, सील कापतो, पाणी आत शिरते आणि मोटार कायमची जाते. आठवड्याला एकदा बॅटरीची तार काढून नट सोडा, पंखा उतरवा, धागा काढा, पिन तपासा. पाच मिनिटांचे काम आहे.

खाडीसाठी हा सल्ला नाही. तिथे ओहोटीच्या जोरापुढे ही मोटार तोकडी पडते आणि गोड्या पाण्याची मॉडेल खाऱ्यात गंजतात.

मत्स्यव्यवसाय विभागाने अशा मोटारींना मदत द्यायची ठरवल्यास ती वायर, ब्रेकर आणि बॅटरीसह संपूर्ण संचाला द्यावी. विक्रेत्यांनी बिलावर वायरीची जाडी आणि ब्रेकरचे अँपिअर लिहून द्यावेत, ही विनंती.

— एक होडी कारागीर, इंदापूर तालुका