ताशी किती मिळतात, तेही छापा

मा. संपादक,

कालच्या करिअर पुरवणीत माध्यमशास्त्राचे अध्यापन आणि जोडीला पाठ्यपुस्तकांचे लेखन-प्रकाशन यांतल्या ‘दुहेरी संधी’ वाचल्या. अभिनंदन. लेखकमहाशय एका खासगी माध्यमसंस्थेचे संचालक आहेत आणि त्याच पानाच्या तळाला त्याच संस्थेची पाव पान प्रवेश-जाहिरात आहे, हा योगायोगच असणार. लेखात नेट-सेटची पात्रता आहे, सहायक प्राध्यापकाची वेतनश्रेणी आहे, ‘स्वतःचे पुस्तक असल्यास क्षेत्रात ओळख निर्माण होते’ हेही आहे. कायमच्या जागा किती निघतात, एवढेच तेवढे राहून गेले.

मुंबई विद्यापीठाचे बीएमएम (माध्यमशास्त्राची पदवी) मराठीतून सुरू झाले तेव्हापासून ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या महाविद्यालयांत मी हा विषय शिकवला, सगळा तासिका तत्त्वावर. हा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित. म्हणजे पगार सरकार देत नाही, मुलांच्या फीमधून संस्था देते, आणि किती द्यायचा ते संस्थाच ठरवते. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, मे महिना यांत तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. उत्तरपत्रिका मात्र मे महिन्यातच येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये अतिथी अध्यापकांना ताशी 1500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 रुपये द्यावेत असे कळवले होते. ते पत्रक मी एका महाविद्यालयाच्या लेखापालांपुढे ठेवले. त्यांनी ते नीट वाचले आणि म्हणाले, “मॅडम, हे दिल्लीचं आहे ना?” पत्रक परत माझ्या हातात.

असो. पगाराचे रडगाणे तुमच्या वाचकांना नवे नाही. माझा राग लेखातल्या त्या पुस्तकाच्या वाक्यावर आहे.

मराठीतून बीएमएम सुरू झाले, अभ्यासक्रम मराठीत आला, पुस्तके आली नाहीत. संदर्भग्रंथांच्या यादीत सगळी इंग्रजी नावे. मुले डोंबिवली, बदलापूर, आसनगावची. वर्तमानपत्र रोज वाचणारी, पण जाडजूड इंग्रजी पुस्तकापुढे गप्प होणारी. म्हणून मी टिपणे काढू लागले. संज्ञापनाची (कम्युनिकेशनची) प्रारूपे, ‘दर्पण’पासूनचा इतिहास, बातमीलेखन, वृत्तपत्रविषयक कायदे, प्रत्येक प्रकरणाखाली सराव. टिपणांच्या झेरॉक्स इतक्या फिरल्या की एक शैक्षणिक प्रकाशक घरी आले. (त्यांचे नाव लिहीत नाही. तुम्हाला ओळखू येईल, तुमच्याकडे जून-जुलैमध्ये त्यांच्या जाहिराती असतात.) करार वगैरे काही नाही. एक छापील व्हाउचर, त्यावर ‘पुस्तकाचे मानधन, एकरकमी’ अशी नोंद, रेव्हेन्यू स्टॅम्प, माझी सही. रक्कम सांगत नाही, नाहीतर तुमच्या पुरवणीतल्या ‘आकर्षक मानधन’ या शब्दांची शोभा जाईल.

पुस्तक चालले, पुनर्मुद्रणे झाली. ती मला दुकानात कळत गेली, तीही मुलांनी सांगितल्यावर. मग 2019 मध्ये बीएमएमचे बीएएमएमसी झाले, अभ्यासक्रम बदलला, आणि प्रकाशकांनी ‘नवीन अभ्यासक्रमानुसार’ अशी आवृत्ती काढली. मुखपृष्ठावर दोन नावे. एक विभागप्रमुख, दुसरे असे गृहस्थ की ज्यांच्या शब्दाने पुस्तक शिफारस यादीत जाऊ शकते. माझे नाव मनोगतात, ‘ज्यांचे सहकार्य लाभले’ या ओळीत, टंकलेखकाच्या आधी.

आत काय होते? पहिली चार प्रकरणे जशीच्या तशी. बातमीलेखनाच्या सरावासाठी मी एक खोटे प्रसिद्धीपत्रक रचले होते : माझ्या आजोळच्या वाडीतली विहीर, तिच्या गाळाचे काम, दोन आळ्यांतले भांडण, सरपंचाचे गुळमुळीत निवेदन. मुलांनी त्यातून बातमीचा मथळा आणि इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा परिच्छेद, शोधायचा. वाडीचे नाव खरे, भांडण खरे, विहिरीला पायऱ्या किती तेसुद्धा खरे. नव्या आवृत्तीत वाडी आहे, भांडण आहे, पायऱ्या आहेत. दोन्ही नवे लेखक घाटावरचे! त्यांना माझ्या आजोळची विहीर कुठे दिसली, हे विचारायला मी फोन केला. प्रकाशक अत्यंत नम्रपणे म्हणाले, “मॅडम, तुमचं काम तर तुम्ही आम्हाला दिलंय. आणि सरांना पॉइंट्स पाहिजे होते.”

हे पॉइंट्स म्हणजे काय ते तुमच्या लेखकाने सांगायला हवे होते, कारण शैक्षणिक प्रकाशनाचा अर्धा धंदा त्यावर चालतो. आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशकाकडून निघालेल्या पुस्तकाला 10 गुण, संपादनाला 8, संपादित पुस्तकातल्या एका प्रकरणाला 5. हे गुण कायम प्राध्यापकाच्या पदोन्नतीत कामी येतात. तासिकावाल्या बाईला पदच नाही, तर उन्नती कसली? म्हणजे ज्याच्याकडे नोकरी आहे त्याला पुस्तक हवे असते, आणि ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याला नोकरी नसते. प्रकाशक या दोघांच्या मध्ये बसलेला. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, आपल्या देशात सरकारकडून फुकट मिळतो, पण ‘आयएसबीएनसह पुस्तक काढून देतो, एवढे लागतील’ असे निरोप स्टाफरूमच्या व्हॉट्सॲपवर कायम फिरत असतात. दुहेरी संधी आहे खरी. फक्त कुणाची, ते छापायचे राहिले.

आता कायदा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 57 म्हणते, हक्क विकले तरी ‘हे मी लिहिले’ असे सांगण्याचा लेखकाचा अधिकार जात नाही. कलम 19 म्हणते, हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरायची. गंमत अशी की ही दोन्ही कलमे माझ्याच पुस्तकाच्या कायद्याच्या प्रकरणात आहेत, आणि नव्या आवृत्तीतही आहेत. छापणाऱ्यांनी ती वाचली नसावीत. वकिलांकडे गेले. त्यांनी बाजू भक्कम असल्याचे सांगितले आणि मग फी सांगितली. घरी आले.

याच प्रकाशकांचे दुसरे तुणतुणे म्हणजे मराठी पुस्तके झेरॉक्समुळे मेली. म्हणून म्हणे रॉयल्टी परवडत नाही. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा बड्या प्रकाशकांनी 2012 मध्ये खटला भरला होता. उच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितले की शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या प्रती काढणे कायद्यात बसते. मला तो निकाल तेव्हाही पटला होता. झेरॉक्सवाला निदान माझे नाव तरी आहे तसे ठेवतो.

आणि विषय निघालाच आहे तर तुमच्याबद्दलही थोडे. आमच्या तृतीय वर्षाची मुले दर उन्हाळ्यात तुमच्या कार्यालयात इंटर्नशिपला येतात. मानधन नाही, प्रवासखर्च नाही, शेवटी एक प्रमाणपत्र. त्याबद्दल आम्ही आभारच मानत आलो. पण माझ्या एका विद्यार्थ्याने कल्याणच्या पत्रीपुलाच्या रखडलेल्या कामावर उन्हातान्हात फिरून बातमी आणली होती. चार कॉलम लागली. वर नाव काय? ‘प्रतिनिधी’. त्याने ते कात्रण मला आणून दाखवले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंदच होता, म्हणून मी काही बोलले नाही. पुढे नोकरीच्या मुलाखतीत तेच कात्रण पुढे केल्यावर त्याला विचारले, ‘ही तुमचीच कशावरून?’ आज तो एका बँकेसाठी कर्जवसुलीचे फोन करतो. बोलतो उत्तम, असे ऐकते.

2021 मध्ये पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, विद्यापीठाच्या आवारात हलवण्याचे घाटत होते तेव्हा सगळी वर्तमानपत्रे हळहळली. फर्ग्युसन रस्ता, तिथली झाडे, कट्टा, चहा. मीही हळहळले, वास्तू राहिली पाहिजे. पण त्या वेळी राज्यातल्या माध्यमविभागांत मंजूर जागा किती, भरलेल्या किती, अशी चौकट कुणी छापल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. आता छापा. तुमच्याकडे वार्ताहर आहेत, माहिती अधिकार आहे, आणि फुकट राबणारी आमची मुलेही आहेत. सोबत ताशी किती मिळतात तेही महाविद्यालयानुसार द्या. पुढच्या जूनच्या आत आले तर बरे, तेव्हा प्रवेश सुरू होतात.

पत्र लांबले आहे. जागेअभावी कापणारच असाल तर रानडेचा परिच्छेद कापा. कलम 57 ठेवा.

आपली,
एक निवृत्त अध्यापिका, डोंबिवली (पूर्व)

(नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे, छापू नये. अजून दोन महाविद्यालये मला तोंडी परीक्षेला बोलावतात.)