दोन हेक्टरांच्या मर्यादेने गिळलेली मैदाने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्यात डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली, तेव्हा तिच्याविषयी जी काही चर्चा झाली ती बहुतांशी वाढीव चटई क्षेत्राची (म्हणजे भूखंडावर करता येणाऱ्या एकूण बांधकामाची), टीडीआरची (म्हणजे एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची) आणि इमारतींच्या उंचीची झाली. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता साऱ्या महाराष्ट्राला एकच नियम लावण्याचा हेतू योग्यच होता. गावागणिक नियम वेगळे असल्याने किती घोळ होत असे हे मी जवळून पाहिले आहे, कारण माझी नोकरीची सारी वर्षे एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात लेआउटचे, म्हणजे जमिनीवर इमारती, रस्ते आणि मोकळ्या जागा कुठे असतील त्या मांडणीचे, नकाशे काढण्यात गेली. मात्र याच नियमावलीतील सुविधा क्षेत्राचे, म्हणजे बोलण्यात ज्याला सगळे ‘ॲमेनिटी स्पेस’ म्हणतात त्याचे, दोन ओळींचे कोष्टक तेव्हा फारसे कोणी वाचले नाही. त्याचे परिणाम आता पुण्याच्या कडेच्या गावांत दिसू लागले आहेत, म्हणून हे पत्र.

नव्या लेआउटमध्ये दोन प्रकारच्या मोकळ्या जागांचा नियम असतो आणि त्यांची हटकून गल्लत केली जाते. पहिली म्हणजे मनोरंजनासाठीची खुली जागा. जमीन ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठी असेल, तर तिच्या १० टक्के जागा अशी मोकळी ठेवावी लागते. ही जागा त्या संकुलातील रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी असते. तिला कुंपण असते, फाटकावर रखवालदार असतो आणि शेजारच्या वस्तीतील मूल तिथे खेळायला जाऊ शकत नाही. दुसरी म्हणजे सुविधा क्षेत्र. ही जागा लेआउटमधून वेगळी काढून सार्वजनिक उपयोगासाठी ठेवायची असते, म्हणजे उद्यान, क्रीडांगण, शाळा, दवाखाना, वाचनालय यांसाठी. पहिली जागा संकुलाची, दुसरी गावाची, इतका हा साधा भेद आहे. नव्या नियमावलीने पहिलीला हात लावला नाही, पण दुसरी बहुतेक ठिकाणांहून काढून टाकली.

पूर्वी पुण्यात एक एकरावरील लेआउटला १५ टक्के सुविधा क्षेत्र सोडावे लागे. नव्या कोष्टकानुसार महापालिका क्षेत्रात २०,००० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे दोन हेक्टर किंवा साधारण पाच एकरांपर्यंतच्या, जमिनीला सुविधा क्षेत्र शून्य आणि त्यावरील जमिनीला ५ टक्के. हिशेब करून पाहावा. एकमेकांना लागून दीड-दीड हेक्टरांचे पाच लेआउट झाले असे समजू. जुन्या नियमाने त्यांतून एकूण ११,२५० चौरस मीटर, म्हणजे पावणेतीन एकरांहून अधिक जागा लोकांसाठी मिळाली असती. नव्या नियमाने एक चौरस मीटरही मिळत नाही. तीच साडेसात हेक्टर जमीन एकाच मालकाने एकाच लेआउटमध्ये विकसित केली, तर मात्र ३,७५० चौरस मीटर सोडावे लागतात. जमीन तेवढीच, राहणारी माणसे तेवढीच, फरक फक्त किती नकाशे दाखल झाले याचा.

मोठी टाउनशिप उभी करणाऱ्याला या मर्यादेने फारसा फरक पडत नसेल, पण समाविष्ट गावांचे चित्र निराळे आहे. २०१७ मध्ये उंड्री, धायरी, आंबेगाव, फुरसुंगीसह ११ गावे आणि जून २०२१ मध्ये वाघोली, सूस, म्हाळुंगे, मांजरी, पिसोळी, नऱ्हे यांसह २३ गावे महापालिकेत आली. या गावांतील शेतजमिनी भाऊवाटण्यांनी आधीच तुकड्यातुकड्यांच्या झालेल्या आहेत. एका गटाचे चार-पाच हिस्से, प्रत्येक हिश्शावर वेगळा सात-बारा, आणि विकासकाच्या हाती येते ती दीड, दोन, फार तर चार एकर जमीन. पाच एकर सलग मिळणे हा अपवाद. ज्या आकाराच्या जमिनींवर या भागातील घरे प्रत्यक्षात बांधली जातात, नेमक्या त्याच आकाराला नियमाने सुविधा क्षेत्रातून सूट दिली आहे. शिवाय, जिथे जमीन सलग पाच एकरांच्या वर आहे तिथे ती दोन नावांनी दोन टप्प्यांत मंजूर करून घेण्याचा मोह कोणाला होणार नाही, असे समजण्याइतके भोळे आपण कोणीच नाही.

यावर कोणी म्हणेल की उद्याने आणि मैदाने विकास आराखड्यातील आरक्षणांतून मिळतातच. पण या गावांचा अनुभव असा की आधी इमारती येतात, मग लोक येतात, मग टँकर येतात आणि आराखडा शेवटी येतो. आराखडा मंजूर होईपर्यंत आरक्षण टाकायला मोकळी जमीनच उरत नाही. आरक्षण पडलेच तरी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ ची टांगती तलवार आहेच. दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यावर २४ महिन्यांतही पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते. सुविधा क्षेत्राचे मोल इथे कळते. ते मिळवायला भूसंपादन लागत नव्हते, रोख मोबदला लागत नव्हता, कोर्टकचेरी लागत नव्हती. बांधकाम परवानगीबरोबरच जागा हाती येत होती.

आता १० टक्क्यांच्या खुल्या जागेविषयी. पुण्याच्या १९८७ च्या नियमांत चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) साधारण एक होता, तेव्हाही ती १० टक्केच होती. आज मूळ निर्देशांक, अधिमूल्य (जादा शुल्क) भरून मिळणारा निर्देशांक, टीडीआर आणि त्यांवरचे ६० टक्क्यांपर्यंतचे पूरक (बाल्कनी, जिने वगैरेंसाठीचे) क्षेत्र धरले की रुंद रस्त्यावरील भूखंडावर अडीचपटीच्या घरात बांधकाम सहज जाते, आणि खुली जागा मात्र आहे तिथेच आहे. एका एकराला थोडी कमी, अशी ४,००० चौरस मीटर जमीन घ्या. अडीचपटीने १०,००० चौरस मीटर बांधकाम, घरटी ८० चौरस मीटर धरले तर सव्वाशे घरे, घरटी चार माणसे धरली तर पाचशे रहिवासी. त्यांच्यासाठी खुली जागा ४०० चौरस मीटर, म्हणजे माणशी ०.८ चौरस मीटर. आपले वर्तमानपत्र उलगडून जमिनीवर शेजारी शेजारी दोन प्रती अंथरल्या, तर साधारण तेवढी जागा व्यापेल. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक सूचनांत शहरातील मोकळ्या जागेचे प्रमाण माणशी १० ते १२ चौरस मीटर असावे असे म्हटले आहे. ते सगळे संकुलाच्या आतच मिळावे असे कोणी म्हणणार नाही, पण मग बाहेरचे तरी कुठून यायचे?

जागेला महाग असलेल्या मुंबईने १९९१ च्या नियमावलीत याहून कितीतरी कडक प्रमाण ठेवले होते. तिथे भूखंड १,००० चौरस मीटरच्या वर गेला की १५ टक्के, २,५०० च्या वर २० टक्के आणि १०,००० च्या वर २५ टक्के खुली जागा सोडावी लागे.

प्रमाणाइतकाच प्रश्न त्या जागेच्या जातीचाही आहे. नकाशावर खुली जागा दाखवायला एक चौकट आणि तिरप्या रेषा पुरतात. मीच अशा कितीतरी चौकटी काढल्या आहेत. प्रत्यक्षात त्या चौकटीत काय येते, ते आमच्या भागातील एका गृहसंकुलात पाहावे. एका कोपऱ्यात जाळीत ठेवलेले विजेचे रोहित्र आहे. मधोमध सांडपाणी प्रक्रिया टाकीची चार लोखंडी झाकणे आहेत आणि त्यांवर प्लास्टिकची हिरवळ अंथरली आहे, ती उन्हाळ्यात इतकी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. उरलेल्या भागात पेव्हर ब्लॉक आहेत, कारण अग्निशमन दलाची गाडी वळवायची वाटही तीच. झाडे म्हणून भिंतीलगत कुंड्यांतले पाम. मुले क्रिकेट खेळतात ती इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मधल्या पट्ट्यात, आणि गाडीच्या काचेवरून आठवड्याला एखादे भांडण होते. कागदावर या संकुलाने नियम तंतोतंत पाळला आहे.

दुसरी युक्ती पोडियमची. पार्किंगच्या स्लॅबवर फूट-दीड फूट माती पसरायची, लॉन लावायचे आणि तीच बाग म्हणून जाहिरातीत छापायची. या मातीत कडुनिंब, आंबा, चिंच, पिंपळ यांपैकी काहीही नीट रुजत नाही आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी नळीवाटे खाली गटारात येते. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने काय केले ते पुणेकर विसरलेले नाहीत. त्या पुराची कारणे अनेक होती, पण पाणी मुरायला जमीन न ठेवता वस्ती वाढवत नेणे हे त्यांतले एक होते, हे मान्य करायला हरकत नसावी. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१३ रोजी मुंबई महापालिका आणि कोहिनूर सीटीएनएल ही बांधकाम कंपनी यांच्यातील प्रकरणात स्पष्ट केले की नियमाने सक्तीची असलेली किमान खुली जागा जमिनीवरच हवी आणि पोडियमवरील जागा असलीच तर ती त्याव्यतिरिक्त असावी. निकाल मुंबईच्या नियमांच्या अर्थाविषयी होता हे खरे, पण पुण्यातल्या झाडांची मुळे काही वेगळी नसतात.

विकासकांचे म्हणणे असे की एकरभराच्या भूखंडातून १५ टक्के काढले तर ६०० चौरस मीटरचा तुकडा निघतो, आणि असे विखुरलेले तुकडे महापालिकेलाही नकोसे होतात. या म्हणण्यात तथ्य आहे. ताब्यात आलेल्या कित्येक सुविधा क्षेत्रांवर वर्षानुवर्षे राडारोडा आणि घाणेरीची झुडपे आहेत, हे आपण येता-जाता पाहतो. २०२१ मध्ये अशा जागा दीर्घ मुदतीने भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव पुणे महापालिकेत आला, त्यामागेही जागा पडून आहेत हेच कारण पुढे केले गेले होते. पण तुकडे विखुरतात ते प्रत्येक नकाशा सुटा तपासला जातो म्हणून. नगररचना विभागाकडे गटांचे नकाशे आहेत आणि शेजारच्या लेआउटची मंजुरीही तिथेच पडलेली असते. दोन शेजारच्या लेआउटमधील सुविधा क्षेत्रे सामाईक हद्दीला लावून घ्या, असे सांगायला एका आरेखकाला दहा मिनिटे लागतात. शिवाय ६०० चौरस मीटर म्हणजे अगदीच काही नाही असेही नव्हे. अंगणवाडी, वाचनालय किंवा ज्येष्ठांच्या बसण्याउठण्याची जागा त्यात व्यवस्थित होते. विकासकाचे नुकसान म्हणावे, तर जागा ताब्यात दिली की तिच्या बदल्यात चटई क्षेत्र मिळण्याची सोय नियमातच आहे.

राहता राहिला प्रश्न काय करता येईल याचा. पुणे महापालिकेने सुविधा क्षेत्राची मर्यादा पुन्हा एक एकरावर आणण्याचा प्रस्ताव शासनाकडे पाठवावा आणि शासनाने तो हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करावा. नियमावलीत फेरबदल करायला अधिनियमाच्या कलम ३७ ची वाट आहे, आणि एरवी विकासकांच्या सोयीचे बदल त्या वाटेने येत असतातच. १० टक्के खुली जागा एकूण मंजूर बांधकामाशी जोडावी, म्हणजे निर्देशांक वाढला की तीही वाढेल. निदान तिच्यातून टाक्या, रोहित्रे आणि गाड्यांचे रस्ते वगळून क्षेत्र मोजावे. आणि ही जागा झाडांसह तयार झाल्याशिवाय संकुलातील पहिल्या इमारतीलाही भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. शेवटच्या टप्प्यात बाग करून देतो, असे सांगून ताबा दिलेल्या संकुलांत तो शेवटचा टप्पा कधी येतो, हे तिथल्या रहिवाशांना विचारावे.

यांतली शेवटची गोष्ट करायला शासनाची परवानगी लागत नाही. जागेवर जाऊन टेप लावणारा एक कनिष्ठ अभियंता आणि त्याच्या अहवालावर सही करायला तयार असलेला त्याचा वरिष्ठ, एवढे पुरते. डिसेंबर २०२० नंतर समाविष्ट गावांत २०,००० चौरस मीटरच्या आतील किती लेआउट मंजूर झाले आणि त्यांची एकूण जमीन किती, एवढा एक तक्ता महापालिकेने संकेतस्थळावर टाकला, तर जुन्या नियमाने किती एकर जागा लोकांना मिळाली असती याचे गणित कोणालाही करता येईल.

आपला,
एक निवृत्त आरेखक,
धायरी, पुणे