नळीच्या आत कोण बघणार? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी पश्चिम विदर्भात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात परिसेविका होते. ३१ वर्षांच्या नोकरीतली १९ वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, गेली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी टोक वाकलं म्हणून सक्शनची, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त ओढून घ्यायची, एक स्टीलची नळी निर्लेखनात निघाली, म्हणजे वापरातून बाद झाली. मी ती मागून घेतली आणि बाजारातल्या लेथवाल्याकडून उभी चिरून आणली. बाहेरून चकचकीत होती. आत मात्र मधल्या भागात तपकिरी पापुद्रा होता आणि त्यावर पांढऱ्या क्षाराचा थर. नखानं खरवडला तरी निघेना. आदल्या आठवड्यापर्यंत हीच नळी ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, निघून, पुडक्याच्या टेपवर काळ्या रेघा उमटवून, माझ्या हातानं टेबलावर मांडली जात होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हे पत्र त्या नळीपायी लिहिते आहे.

ओटीतली बरीचशी इन्स्ट्रुमेंट धुणं सोपं असतं. कात्री उघडायची, चिमटा उघडायचा, ब्रशनं घासायचं, मळ गेला की नाही ते डोळ्यांना दिसतं. पोकळ इन्स्ट्रुमेंटचं तसं नाही. सक्शनची नळी, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात हवा भरायची व्हेरेस सुई, दुर्बीण आत घालायची ट्रोकारची कॅन्युला, नसबंदीत बाईच्या बीजनलिकेवर रिंग बसवायचा ॲप्लिकेटर, दातांच्या डॉक्टरांचा हँडपीस या सगळ्यांच्या आत रक्त शिरतं आणि आत काय उरलं ते कुणालाच दिसत नाही. नळीच्या मापाचा ब्रश मिळाला तर नशीब. आम्ही कित्येकदा तारेला गॉज गुंडाळून भागवलं.

रक्ताचा डाग गरम पाण्यात घातला की पक्का होतो, हे धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. नळीतल्या रक्ताचं तेच होतं. ते न काढता नळी ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात बुडवली, तर ते औषधच प्रथिनं घट्ट चिकटवून टाकतं. ऑटोक्लेव्हमध्ये घातली, तर पापुद्र्याच्या पोटात दडलेल्या जंतूपर्यंत वाफ नीट पोचत नाही. आमच्याकडच्या साध्या ऑटोक्लेव्हमध्ये तर बारीक नळीतली हवाही पुरती निघत नाही. टेपवरच्या काळ्या रेघा एवढंच सांगतात की पुडक्याला बाहेरून उष्णता लागली. म्हणून ऑटोक्लेव्हच्या आधीचं धुणं हेच खरं काम आहे, आणि आपल्या व्यवस्थेत त्याच कामाला सगळ्यात कमी माणसं आणि सगळ्यात कमी वेळ मिळतो.

एक शेतमजूर बाई दुर्बिणीचं ऑपरेशन होऊन पाच आठवड्यांनी परत आली. "सिस्टर, बेंबीपाशचं काही सुकूनच नाही राह्यलं." बेंबीजवळ गाठ होती, तिच्यातून पाणी येत होतं. नेहमीच्या गोळ्यांनी फरक पडला नाही. शेवटी मोठ्या रुग्णालयात निदान झालं. क्षयाच्या जंतूंच्या कुळातले, पण क्षय न करणारे जंतू निघाले. हे जंतू साध्या नळाच्या पाण्यात राहतात, जखमेत शिरल्यावर महिना महिना गप्प बसतात आणि मग डोकं वर काढतात. दुर्बिणीच्या छिद्रातून होणारे असे संसर्ग देशभरातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. त्या बाईला कित्येक महिने औषध घ्यावं लागलं. कापूस वेचणीचा तिचा तो अख्खा हंगाम बुडाला. तिचा संसर्ग आमच्याच नळीतून गेला, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. नाही गेला, असंही मला सांगता येत नाही, आणि हेच मला आजवर बोचतं.

मंत्रिमहोदय, १४ सप्टेंबर २०१६ रोजी आरोग्य हक्कांच्या कार्यकर्त्या देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांत नसबंदीची शिबिरं बंद करण्याचा निर्देश दिला. योग्यच केलं. शाळेच्या खोलीत, पेट्रोमॅक्सच्या उजेडात झालेल्या ऑपरेशनच्या गोष्टी मी जुन्या सिस्टरांकडून ऐकल्या आहेत. पण शिबिरं थांबवायची तर त्या बाया जाणार कुठं? आमच्यासारख्या रुग्णालयांतच. एका पथकानं दिवसाला ३० पेक्षा जास्त ऑपरेशन करू नयेत, असा केंद्राचा नियम आहे. आकडा ठरला, पण दोन ऑपरेशनांच्या मध्ये नळी कोण, कशानं आणि किती वेळ धुणार, हे ठरलं नाही. ग्लुटराल्डिहाइडमध्ये २० मिनिटं बुडवली की झालं, असं मानलं जातं. खरं तर त्या औषधात पूर्ण निर्जंतुक व्हायला १० तास लागतात, आणि तेही नळी आधी आतून स्वच्छ असेल तर.

यावर उपाय आहे. अकोल्या-अमरावतीच्या सराफाकडे दागिन्यांतला मळ काढायला अल्ट्रासोनिक यंत्र असतं. चष्म्याच्या दुकानातही असतं. टाकीखालचे कंपक सेकंदाला साधारण ४० हजार वेळा थरथरतात. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे उठतात आणि लगेच आतल्या आत मिटतात. प्रत्येक मिटण्याचा झटका मळाला बसतो आणि ब्रश पोचत नाही तिथली घाण सुटते. सराफ मंगळसूत्राच्या वाट्या ज्या यंत्रात धुतो, ते यंत्र मंगळसूत्र घालणारीच्या पोटात जाणाऱ्या नळीसाठी असायला नको का?

पण एक कळकळीची विनंती आहे. कुठलंही यंत्र पाठवू नका. रिकामी घागर विहिरीत सरळ उपडी सोडली तर ती भरत नाही, आत हवा कोंडते. नळीचंही तसंच आहे. ती नुसती टाकीत टाकली तर आत हवा अडकते, आणि जिथं हवा आहे तिथं बुडबुड्यांचं काम होत नाही. टाकी तासभर गुणगुणत राहिली तरी आतला पापुद्रा जागच्या जागी राहतो. नळ्यांसाठी घ्यायच्या यंत्राला तोट्या लागतात. प्रत्येक नळी तोटीला जोडायची, म्हणजे तिच्यातून द्रावण वाहतं राहतं. आमच्याकडे एकदा यंत्र आलं होतं, त्याला तोट्याच नव्हत्या. सोबत आलेलं, रक्ताचा मळ विरघळवणारं एन्झाइमचं द्रावण दोन महिन्यांत संपलं. पुन्हा मागणी केली, ते आलं नाही. यंत्र कपाटावर गेलं आणि मी निवृत्त झाले तेव्हाही तिथंच होतं. खरेदीच्या कागदावर 'अल्ट्रासोनिक क्लीनर, नग एक' एवढंच लिहिलं की हे असं होतं. त्या ओळीत तोट्या लिहा, मापाचे ब्रश लिहा, वर्षभराचं द्रावण लिहा.

आणि पाणी. आमचा भाग खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला, बुलढाण्यातल्या शेकडो गावांत जमिनीखालचं पाणी तोंडात धरवत नाही. त्याच पाण्यानं आम्ही स्टील धुतो. त्यातल्या क्लोराइडनं स्टीलला बारीक खड्डे पडतात, क्षाराचा थर नळीत बसतो आणि त्या खडबडीत जागेत पुढचं रक्त अधिक घट्ट धरतं. माझ्या चिरलेल्या नळीतला पांढरा थर तोच. शेवटची खळबळणी आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यानंच व्हायला हवी. मी बाह्यरुग्ण विभागातल्या पिण्याच्या आरओचं पाणी कॅननं वाहून नेत असे. ओटीला स्वतःचा आरओ असावा, ही मागणी खारपाणपट्ट्यात चैनीची नाही.

यंत्र चालवणारं माणूसही लागेल. ताजं पाणी भरल्यावर आधी पाच-दहा मिनिटं टाकी रिकामीच चालवायची, म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते. द्रावण ४० अंशांच्या आसपास कोमट ठेवायचं, फार गरम नाही. झाकण लावायचं. सांधे उघडे ठेवून इन्स्ट्रुमेंट जाळीत मांडायची. दुर्बीण मात्र चुकूनही त्यात घालायची नाही, तिच्या भिंगांची जोडणी सुटते. आठवड्यातून एकदा स्वयंपाकाची ॲल्युमिनियम फॉइल टाकीत धरायची. सगळीकडे सारखी टोचलेली दिसली तर यंत्र ठीक आहे. मग खळबळायचं, नळीत हवा मारून कोरडं करायचं आणि त्यानंतर ऑटोक्लेव्ह, तो चुकत नाहीच. हे शिकायला दोन दिवस पुरतात. आज हे काम कंत्राटी कक्षसेवक करतो. त्याला कुणी काही शिकवलेलं नसतं. तो हातमोज्यांशिवाय रक्त धुतो, आणि त्याला कळायला लागतं तेव्हा त्याचं कंत्राट संपतं. ऑपरेशन होणाऱ्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात या कामासाठी एक कायमचं पद द्या.

२०१५ पासून सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेच्या कायाकल्प योजनेमुळे आमच्या रुग्णालयांच्या फरश्या, संडास, कचऱ्याचे डबे सुधारले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे ठरवलं की काम होतं. आता तीच नजर नळीच्या आत जाऊ द्या.

ती चिरलेली नळी मी प्लॅस्टिकच्या डबीत जपून ठेवली आहे. हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल तेव्हा पंधरा मिनिटं द्या. मी सकाळच्या एसटीनं येईन आणि ती आपल्या टेबलावर ठेवीन. सोबत भिंग आणते.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका
पूर्णाकाठ, पश्चिम विदर्भ