बाबांच्या फायली सुखरूप पोचवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

निघताना तुमचे तोंडी आभार मानले, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते माझ्यासारख्या आणखी कुणाच्या तरी कामी येईल.

बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांचं सगळं लिखाण, फोटो आणि आजीच्या आवाजातली रेकॉर्डिंग होती. सुमारे २०० जीबी. त्यातली हार्ड डिस्क कुरकुरू लागली होती, म्हणून ते सगळं दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलवायचं होतं, आणि 'पेनड्राइव्हने थोडं थोडं ने' असं बहुतेकांनी सुचवलं. तुम्ही मात्र दोन्ही कॉम्प्युटर थेट जोडायला साधी लॅन (नेटवर्कची) केबल घेऊन आलात. यूएसबीची दोन्हीकडे सारखं टोक असलेली साधी केबल का चालत नाही, हेही आधीच सांगितलंत: दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांकडे ५ व्होल्ट ढकलतात, त्यात पोर्ट जळू शकतो.

मध्ये राउटर नसला की कॉम्प्युटरना नेटवर्कवरचे पत्ते (आयपी अॅड्रेस) वाटून देणारं कुणी नसतं, म्हणून तुम्ही दोघांना हाताने पत्ते दिलेत. एकाला १९२.१६८.१०.१, दुसऱ्याला १९२.१६८.१०.२, आणि दोन्हीकडे सबनेट मास्क (पत्त्याचा कुठला भाग दोघांना सारखा, हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. फोल्डर शेअर केला, नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं, फायरवॉल (बाहेरून येणारी नको ती जोडणी अडवणारं संरक्षण) चालूच ठेवली. इतकंच! पूर्वी यासाठी वेगळी क्रॉसओव्हर केबल लागायची, आताची नेटवर्क कार्डं तारांची अदलाबदल स्वतःच ओळखतात, हे मला नवीन होतं.

पण मला खरं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. कॉपी सुरू झाली होती, चालली होती, तुम्ही सहज निघू शकला असता. तरी तुम्ही कनेक्शनचा वेग उघडून पाहिलात. तो १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) दाखवत होता. दोन्ही कार्डं गिगाबिटची, म्हणजे १००० एमबीपीएसची, असताना हा आकडा तुम्हाला पटेना. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणजे एखादी जोडी आत तुटलेली असणार, असं म्हणून तुम्ही पिशवीतून दुसरी केबल काढलीत आणि वेग १००० वर गेला. त्या फरकाचा अर्थ नंतर मी कागदावर मांडला: १०० वर २०० जीबीला साडेचार तास, १००० वर जास्तीत जास्त वेगाने अर्धा तास. जुनी डिस्क तितकी पळाली नाही, पण मरणाऱ्या डिस्कला जितका कमी वेळ फिरवावं लागेल तितकं बरं, हे तुमचं म्हणणं मला पुरेपूर पटलं.

कॉपीसाठी तुम्ही विंडोजमधलीच रोबोकॉपी ही फायली कॉपी करणारी कमांड वापरलीत. मध्येच तार निसटली तरी पुन्हा चालवल्यावर ती पोचलेल्या फायली सोडून उरलेल्याच घेते. वाचता न येणाऱ्या फाइलवर मात्र मुळात ती १० लाख वेळा प्रयत्न करत बसते, म्हणून तुम्ही तो आकडा १ वर आणलात. न पोचलेल्या फायलींची यादी लॉगमध्ये (तिने लिहिलेल्या नोंदींच्या फाइलमध्ये) मिळाली. थोडेच फोटो होते, तेही बाबांनी कधीतरी सीडीवर घेतलेले सापडले.

आजीची रेकॉर्डिंग सगळी वाजतात. आईने ती ऐकली आणि तुम्हाला आवर्जून आभार कळवायला सांगितलं.

तुम्ही बजावल्याप्रमाणे दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली आहे आणि तोवर जुन्या डिस्कमधलं काहीही पुसलेलं नाही. काका, तुमचे मनापासून आभार.

आपली,
बाबांची मुलगी